पट्टीतलं बोलणं

भरतेश चौगुलेच्या डाव्या मनगटावरचं घड्याळ डॉक्टरांनी कायमचं उतरवायला लावलं, तेव्हा त्रिशलाला मनातून बरं वाटलं. नवऱ्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाल्याचं कळून जेमतेम महिना झाला होता आणि अशा वेळी बायकोला बरं वाटणं शोभत नाही, हे तिलाही समजत होतं. पण वाटलं ते वाटलं. त्या घड्याळानं तिचा आयुष्यभर पिच्छा पुरवला होता.

खरं तर मनगटाला घड्याळ बांधणारी माणसं आता मिरजेतसुद्धा शोधावी लागत. वेळ भिंत सांगायची, फोन सांगायचा, रिक्षाही सांगायची. भरतेशची गोष्ट वेगळी. तो बसस्टँडवर कंट्रोलर होता, म्हणजे कुठली गाडी कुठल्या फलाटाला लावायची आणि कधी सोडायची हे ठरवणारा माणूस. पुढे गाड्या आपोआप सुटायला लागल्या, शिट्टी मारणाऱ्याची कुणाला गरज उरली नाही, तरी निवृत्तीच्या दिवसापर्यंत त्यानं शिट्टी गळ्यात ठेवली. घरही त्याच्या लेखी एक फलाटच होतं. आंघोळीचं पाणी, चहा, पाहुण्यांनी उठायची वेळ, सगळं त्याच्या मनगटावर ठरायचं. जैनाचं घर, तेव्हा संध्याकाळचं जेवण दिवस मावळायच्या आत. हा रिवाज त्रिशलाच्या माहेरीही होता, पण तिची आई खिडकीतून आभाळाकडे बघून ताटं घ्यायची. इथे नवरा काही न बोलता मनगट पुढे करायचा.

डायलिसिससाठी डाव्या हातातली शीर आणि धमनी एकमेकींना जोडली गेली आणि त्या हाताला घड्याळ नाही, कडं नाही, झोपताना तो हात अंगाखाली नाही, अशी ताकीद मिळाली. भरतेशनं घड्याळ उजव्या हातावर बांधून बघितलं. पण वेळ बघायला मान डावीकडेच वळायची आणि तिथे तर कातडीखाली ती फुगलेली शीर थरथरत असायची. चार दिवसांत त्यानं घड्याळ कपाटात टाकलं. फोनवरच्या वेळेवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता, कारण ती दुसऱ्या कुणीतरी लावलेली असते, असं त्याचं म्हणणं. मग दिवसभर एकच धोशा सुरू झाला. त्रिशला, किती वाजले? भाजी फोडणीला टाकताना, देवाला हात जोडताना, न्हाणीघरात असताना. घड्याळ गेलं आणि त्याची जागा बायकोला घ्यावी लागली, तेव्हा तिचं ते बरं वाटणंही संपलं.

आठवड्यातून तीनदा दवाखान्यात जायचं, खुर्चीत रेलून पडायचं, हातात दोन जाड सुया आणि चार तास अंगातलं रक्त बाहेर यंत्रातून फिरवून आणायचं. लोक तिथे झोपतात, सिनेमे बघतात, कुरकुरतात. भरतेशनं सगळ्या वॉर्डाच्या नाकी नऊ आणले. यंत्राच्या पडद्यावर उरलेला वेळ दिसायचा आणि तो डोळे त्याच्यावरून हलवायचा नाही. मिनिटाचा आकडा बदलायला उशीर होतोय, यंत्र मागे पडलंय, सिस्टर चहाला गेल्यामुळे आपलं वेळापत्रक कोलमडलंय, अशा त्याच्या तक्रारी. रक्तदाब चढायचा, यंत्र ओरडायचं, मग खरोखरच उशीर व्हायचा. सलमा सिस्टर सोशिक बाई. तिनंही एकदा बाहेर येऊन त्रिशलापुढे हात जोडले.

तेव्हा डॉक्टर ऐनापुरेबाईंनी पट्टीचं नाव काढलं.

पट्टी काय ते त्रिशलाला ऐकून माहीत होतं. कंपनीनं तिला ‘निमिष’ असं गोड नाव दिलं होतं, पण लोक नुसतं पट्टीच म्हणत. लांबच्या प्रवासाला पोरं लावायची. तुरुंगात ती कैद्यांना द्यावी की देऊ नये, यावर वर्तमानपत्रांत वाद चालले होते. तिच्या बहिणीच्या नातवाच्या शाळेत अर्धा वर्ग पट्टी लावून बसतो असं निघालं आणि शाळेनं दारातच मनगटं तपासायला सुरुवात केली.

बाईंनी दोघांना समोर बसवून नीट समजावलं. मेंदूत घड्याळ नसतं, त्या म्हणाल्या. कानशिलाच्या आत खोल एक भाग असतो, तिथे शरीराच्या बातम्या सारख्या येत असतात. हृदयाचा ठोका, श्वास, पोटातली कालवाकालव. मेंदू त्या बातम्यांवरून खुणा करत जातो. खुणा दाट पडल्या की वेळ लांबतो, विरळ पडल्या की आखडतो. भीती, दुखणं, कंटाळा, घाई, यांत खुणा भराभर पडतात. पट्टी मनगटातल्या मज्जातंतूतून बारीक स्पंद वर पाठवते आणि त्या खुणा जवळजवळ थांबवते. माणूस जागा असतो, बोलतो, ऐकतो, ओळखतो. फक्त वेळ जात नाही. किंवा गेला तरी त्याला कळत नाही.

“आणि एक सांगते,” बाई म्हणाल्या. “आठवणीसुद्धा याच खुणांना लागून राहतात. दोरीवर कपडे चिमट्यानं लावतो ना, तसं. चिमटेच नाहीत म्हटल्यावर त्या चार तासांतलं नंतर काही राहत नाही. म्हणून पट्टीतलं बोलणं कायदा धरत नाही. सही, अंगठा, कबुली, काहीच नाही.”

भरतेशला त्यातलं एकच वाक्य हवं होतं, वेळ कळणार नाही हे. तो लगेच हो म्हणाला.

पहिल्या दिवशी सलमानं त्याच्या उजव्या मनगटावर राखाडी पट्टी आवळली आणि त्रिशला नेहमीप्रमाणे बोलणी खायच्या तयारीनं स्टुलावर बसली. थोड्या वेळात भरतेशचे खांदे खाली आले. त्याचे खांदे असे खालीही येऊ शकतात, हे तिनं एवढ्या संसारात बघितलं नव्हतं. त्यानं पडद्याकडे बघितलं नाही. खिडकीबाहेर एसीच्या खोक्यावर एक पारवा घुमत होता, त्याच्याकडे बघत राहिला. मग तिच्या हाताकडे बघून त्यानं विचारलं, हा डाग कशाचा. तिनं सांगितलं, तव्याचा चटका, जुना आहे. कधीचा, असं त्यानं पुढे विचारलं. लेक श्रुतिका बालवाडीत होती तेव्हाचा, म्हणजे जवळजवळ तीस वर्षांचा डाग होता तो, आणि नवरा आज विचारत होता. तिनं सांगितलं. तो ऐकत राहिला. मध्येच तोडलं नाही, आवर म्हणाला नाही.

ती काही जादू होती, असं नाही. या माणसाचा सगळा कडवटपणा उशीर होईल या भीतीतून आलेला होता. भीतीची ती गिरणीच पट्टीनं बंद केली आणि खाली जे उरलं ते बऱ्यापैकी चांगलं निघालं. त्रिशलाला राग आला तो याचाच. हा माणूस आत होता, तर मग इतकी वर्षं होता कुठे?

दोन-तीन खेपांनंतर तिनं त्याला वेगळाच एक प्रश्न विचारला. पट्टीतलं काही राहत नाही, तेव्हा विचारून बिघडणार काहीच नव्हतं.

तो प्रश्न जुना होता. श्रुतिका वर्षाची होती तेव्हा माहेरून, शेडबाळहून भावाचा फोन आला, आई जाते आहे, असशील तशी निघ. त्रिशला पोरीला काखेत मारून स्टँडकडे धावली. शेडबाळची गाडी फलाटाला लागलेली होती आणि कंट्रोलरच्या केबिनसमोर तिचाच नवरा उभा होता. ती गेटातून आत शिरली आणि शिट्टी वाजली. गाडी तिच्या देखत वळून गेली. पुढच्या गाडीनं ती पोचली तेव्हा आईला अंगणात घेतलं होतं. शेवटच्या घटकेला आईच्या कानात णमोकार मंत्र शेजारणीनं म्हटला होता. लेकीची वाट बघत तिनं दोनदा दाराकडे मान वळवली, हेही त्या शेजारणीनंच सांगितलं. भरतेश दहनाला आला, सगळं रीतसर केलं आणि घरी आल्यावर म्हणाला, मी तुला बघितलंच नाही. पुढे जेव्हा जेव्हा विषय निघाला तेव्हा हेच. बघितलं नाही तर ते नशीब होतं. बघितलं असेल, तर ती कुणाबरोबर संसार करत होती? एवढंच तिला हवं होतं. शिक्षा नको होती, भांडण नको होतं. त्यानं खरं काय ते सांगावं.

“शेडबाळच्या गाडीच्या दिवशी,” ती म्हणाली, “तुम्ही मला बघितलं होतं का?”

“बघितलतं की,” भरतेश म्हणाला. पारव्याकडे बघत होता तितक्याच सहजपणे. “गेटातनं आत यायलीस. पोरगी काखेत. चपलेचा अंगठा तुटलेला, पाय फरफटत यायलीस.”

चपलेचं तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

“मग?”

“मग काय. वेळ झालती. कंट्रोलरनं बायकोसाठी गाडी धरली, असं झालं असतं सगळ्या स्टँडात. शिट्टी मारली. मारली आणि तवाच कळलं, काय केलं ते. लई चुकलं माझं, त्रिशला. तुझी आई गेली आणि मी खोटं बोललो.”

त्रिशला उठून बाहेर गेली आणि पाण्याच्या कूलरपाशी मनसोक्त रडली. चार तास झाले, सलमानं पट्टी काढली, भरतेशनं डोळे मिचकावून विचारलं, “झालं व्हय? आत्ताच तर बसलो.” रिक्षात त्यानं विचारलं, किती वाजले.

त्या संध्याकाळी जेवताना तिनं मुद्दाम तोच विषय काढला. भरतेशनं भाकरीचा तुकडा तसाच हातात धरून तिच्याकडे बघितलं. किती वेळा सांगायचं, म्हणाला, बघितलं नव्हतं म्हणजे नव्हतं, आणि आमटी गार आहे.

शहाण्या बाईनं इथेच कानाला खडा लावला असता. त्रिशलाला चटक लागली. दर खेपेला ती विचारायची आणि दर खेपेला तो पहिल्यांदाच सांगायचा, कारण त्याच्या लेखी ते खरंच पहिल्यांदा असायचं. कधी चपलेपासून सुरू करायचा, कधी पोरीच्या टोपड्यापासून. कधी त्याचे डोळे भरायचे. ‘लई चुकलं माझं’ कुठे येणार हे तिला पाठ झालं, तरी ते येईपर्यंत ती स्टुलाच्या कडेवर सरकून बसायची. मग ते दोघं इतर गप्पा मारायचे. लग्नात तो किती घाबरला होता, त्याच्या वडिलांनी त्याला शाळेत उशीर झाला म्हणून उंबऱ्यात कसं उभं केलं होतं, असलं काहीबाही. दवाखान्याच्या दिवशी ती ठेवणीतलं पातळ नेसायला लागली. सलमा म्हणाली, काकू, तुमच्यासारखं बोलत बसलेलं जोडपं मी या वॉर्डात बघितलं नाही. त्रिशला नव्या नवरीसारखी लाजली, आणि घरी गेल्यावर आपल्या लाजण्याची तिला किळस आली.

घरचा भरतेश होता तसाच होता. उलट जास्तच बिघडला होता. आठवड्यातले बारा तास आपल्या हिशेबातून कुणीतरी काढून घेतंय, अशी त्याची समजूत झाली होती आणि ते तो उरलेल्या वेळातून वसूल करायचा.

अशात मूत्रपिंड बदलायचा विषय आला. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मूत्रपिंडांची बातमी दर वर्षी येत होती, मूत्रपिंड काही येत नव्हतं. श्रुतिका बंगळुरात होती, तिचा रक्तगट जुळत नव्हता आणि तिला दिवसही गेले होते. त्रिशलाचा जुळला. तपासण्या झाल्या, सगळं उत्तम निघालं. भरतेशनं तिला विचारलं नाही. तारीख कधीची मिळते, एवढंच विचारलं, आणि लेकीला फोन लावून म्हणाला, आईची किडनी जुळली, आता सुटलो. श्रुतिका फोनवर रडली. मम्मी, तू देवी आहेस, असं काहीतरी म्हणाली. देवीनं अजून होकार दिलेला नाही, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

खुर्चीत, पट्टी लावल्यावर, तिनं त्याला विचारलं, देऊ का माझी किडनी?

“तुला दुखंल की,” भरतेश म्हणाला आणि तिच्या मनगटावरून अंगठा फिरवत राहिला.

एवढंच तो म्हणाला. नको असं तो म्हणाला नव्हता. पण माणसाला हवं ते ऐकायचं असलं की तीन शब्द पुरतात.

नियमाप्रमाणे देणाऱ्याला डॉक्टरांनी एकट्याला गाठून विचारायचं असतं. ऐनापुरेबाईंनी दार लावून घेतलं आणि विचारलं, मनापासून तयार आहात ना? कुणाचं दडपण नाही ना?

“नाही म्हटलं तर?” त्रिशलानं विचारलं.

बाई दचकल्या नाहीत. त्यांनी असल्या बायका बघितल्या होत्या. “तर मी घरच्यांना इतकंच सांगीन की तुमचं देता येण्यासारखं नाही. कारण सांगायला मी बांधलेली नाही. ते यांना कधीही कळणार नाही.”

“डायलिसिसवर माणसं वर्षानुवर्षं जगतात, असं तुम्ही म्हणाला होता.”

“काही जगतात,” बाई म्हणाल्या.

त्रिशलाला शस्त्रक्रियेची भीती नव्हती. हे तिनं पुढेही स्वतःपासून लपवलं नाही, तेवढं तिच्या बाजूनं म्हणायला हवं. तिला दिसत होतं ते असं, की मूत्रपिंड बसलं की हातातल्या सुया गेल्या, खुर्ची गेली, पट्टी गेली. घरचा माणूस टुणटुणीत होईल आणि खुर्चीतला माणूस मरेल. त्या दोघांतला एक तिनं निवडला. शिवाय, सुटलो म्हणाला होता ना तो, विचारलं नव्हतं ना, याचा सूडही त्यात अर्धा होता. ती नाही म्हणाली.

बाईंनी शब्द पाळला. शेवटच्या तपासणीत बसत नाही, असं त्यांनी भरतेशला सांगितलं आणि दुसऱ्या कुणाचं मिळतंय का, म्हणून त्याचं नाव यादीत टाकलं. तो बरं म्हणाला. तो आरडाओरडा करील, कुणाला तरी धारेवर धरील, म्हणून त्रिशला अंग चोरून उभी होती. त्यातलं काहीच झालं नाही. रिक्षात त्यानं वेळ विचारली नाही.

पुढचे काही महिने तिला सुखाचे गेले, आणि ‘सुखाचे’ हा शब्द तिनं मनातल्या मनात वापरलासुद्धा. घरचा भरतेश गप्प झाला होता. आलेल्या-गेलेल्यांना तो आपणहून एक गोष्ट सांगायचा. ही द्यायला तयार होती, पण नशीब आडवं आलं. हे सांगताना तो तिच्याकडे बघायचा आणि ती आत जाऊन उगाच भांड्यांची आवराआवर करायची. खुर्चीतला भरतेश होता तसाच गोड होता. ती विचारायची, तो सांगायचा, चपलेपासून.

दिवाळी झाली आणि त्याला दम लागायला लागला. पायांवर सूज चढली, जिना चढताना मध्येच बसावं लागायचं. तपासण्या झाल्या. ऐनापुरेबाईंनी पडद्यावर त्याचं हृदय दाखवलं, सैल पिशवीसारखं हलणारं. आता कुणी मूत्रपिंड दिलं तरी उपयोग नाही, म्हणाल्या. हे हृदय एवढी मोठी शस्त्रक्रिया सोसणार नाही. यादीतून नाव काढावं लागेल. त्यांनी किती दिवस ते सांगितलं नाही, पण श्रुतिकाला एकदा बोलावून घ्या म्हणाल्या. श्रुतिकाचं बाळ तेव्हा नुकतं पालथं पडायला लागलं होतं.

भरतेशला बाहेर बसवून त्रिशला पुन्हा आत गेली. मी देते, म्हणाली. आत्ता तारीख घ्या. बाईंनी तिच्याकडे बघितलं. रागानं नाही, दयेनंही नाही. “चौगुलेकाकू, मी आत्ताच सांगितलं ना,” असं म्हणून त्या पुढचा कागद ओढून लिहायला लागल्या. तेव्हा दिली असती तर, हे त्रिशलानं विचारलं नाही. उत्तर तिला माहीत होतं.

परतताना भरतेशनं रिक्षा कृष्णेच्या घाटाकडे घ्यायला सांगितली. चालक नसलेली रिक्षा, सांगाल तिकडे वळते. घाटावर थांबल्यावर तो खाली उतरला नाही, आतूनच पाणी बघत राहिला. दिवस कलला होता. त्रिशला सवयीनं म्हणाली, जेवणाची वेळ टळेल, निघू या.

“टळू दे,” भरतेश म्हणाला. “एक दिवस न्हाई जेवलो तर काय हुतंय.”

लग्नाला इतकी वर्षं झाली, हे वाक्य त्या तोंडातून तिनं ऐकलं नव्हतं. तिनं पटकन त्याच्या उजव्या मनगटाकडे बघितलं. पट्टी नव्हती. मनगट मोकळं होतं.

“तुला एक सांगायचंय,” तो म्हणाला. शब्द जड पावलांनी येत होते, मध्ये दम लागत होता. खुर्चीतल्यासारखं हे सोपं नव्हतं. “मी तुला किडनी मागितली न्हाई. विचारलंबी न्हाई. धरूनच चाललो. आणि तू एका शब्दानं तयार झालीस. मला रात्रंदिस तेच डोक्यात घोळतंय. ही बाई शरीरातला तुकडा काढून द्यायला निघाली, आणि मी हिच्यासाठी एक गाडी धरली न्हाई.”

“जाऊ द्या आता,” त्रिशला म्हणाली.

“न्हाई. मी बघितलतं तुला त्या दिवशी. चपलेचा अंगठा तुटलेला. बघून शिट्टी मारली, आणि जन्मभर खोटं बोललो. लई चुकलं माझं.” त्यानं तिच्याकडे मान वळवली. “हे आता मी घेतलं अंगावर. परत कधी विचारलंस तर न्हाई म्हणणार न्हाई. श्रुतिकासमोर विचार, कुणासमोरबी विचार.”

हेच हवं होतं तिला. कायदा धरील असं, उद्या सकाळी उठल्यावरही टिकेल असं. तेच शब्द, त्याच क्रमानं, आणि या वेळी सांगणाऱ्याला जपून ठेवता येतील असे. आणि तिला ते घेता येईना. ते तिला तिनं न दिलेल्या मूत्रपिंडाच्या बदल्यात मिळत होते. सांगून टाकावं, असं तिच्या ओठांवर आलं. मी तयार नव्हते, मी नाही म्हटलं. पण हा भरतेश ऐकलेलं विसरणारा नव्हता. उरलेले जे काही दिवस असतील ते तो हे घेऊन जगला असता. निदान तिनं स्वतःला कारण तरी हे दिलं. खरं म्हणजे तिची हिंमत झाली नाही. गार वारा सुटलाय, तुम्हाला बाधेल, असं म्हणून तिनं रिक्षाला घर सांगितलं. भरतेशनं तिचा हात घरापर्यंत सोडला नाही.

पुढच्या खेपेला सलमानं पट्टी आवळली. भरतेशचे खांदे खाली आले. त्रिशला साधं पातळ नेसून आली होती. तिनं त्या दिवशी गाडीबद्दल विचारलं नाही.

“माझी किडनी जुळत होती,” ती म्हणाली. “सगळं चांगलं होतं. मी नाही म्हटलं. डॉक्टरांनी तुम्हाला खोटं सांगितलं, ते मी सांगायला लावलं.”

तिला वाटलं होतं, हा भरतेश समजून घेईल. या खुर्चीतल्या माणसासाठीच तर तिनं ते केलं होतं. असू दे म्हणेल, तिच्या मनगटावरून अंगठा फिरवेल. त्यानं आधी नीट ऐकलं नसावं, कारण तो तिच्याकडे तसाच मऊ नजरेनं बघत राहिला. मग ती नजर हळूहळू बदलली.

“का?” त्यानं विचारलं.

“तुम्ही इथं बोलता माझ्याशी. घरी बोलत नव्हता.”

तो छताकडे बघायला लागला. यंत्र चालू होतं, नळीतून रक्त जात-येत होतं. राग करायला लागते ती घाई त्याच्यात उरलेली नव्हती, तेव्हा तो रागावला नाही. त्याचे डोळे भरून आले आणि पाणी कानांकडे ओघळलं.

“मला जगायचं होतं गं,” तो म्हणाला. “पोरीचं बाळ चालायला लागलेलं बघायचं होतं. बाकी काय न्हाई. तेवढं जगायचं होतं.”

त्रिशलानं त्याचा हात धरायचा प्रयत्न केला. सुया असलेला हात हलवता येत नाही, म्हणून त्यानं तो हलवला नाही, पण उजवा हात पांघरुणाखाली ओढून घेतला. नंतर तो बोलला नाही. तिनं दोनदा हाक मारली. पट्टीत वेळ जात नाही, असं बाई म्हणाल्या होत्या. त्याचा गेला नसेल. स्टुलावर बसलेल्या त्रिशलाचा एकेक क्षण गेला आणि त्यातला एकही तिच्या आठवणीतून गळणार नव्हता.

चार तास झाले. सलमानं सुया काढून कापूस दाबला, मग पट्टी सोडली. भरतेशनं डोळे मिचकावले.

“झालं व्हय? आत्ताच तर बसलो.” त्यानं गालाला हात लावला आणि ओली बोटं नवलानं बघितली. “हे काय? डोळ्यांतनं पाणी कशानं आलं?”

“एसीनं,” त्रिशला म्हणाली.

“व्हय, असंल.” त्यानं पांघरुणातून उजवा हात बाहेर काढला आणि उठायच्या आधाराला तिचा खांदा धरला. सलमा पट्टी पुसून डबीत ठेवत होती. तिच्याकडे बघून भरतेश हसला. “सिस्टर, ही माझी बायको. किडनी द्यायला तयार झालती, एका शब्दानं. तुमाला म्हाईत हाय काय?”

“हो काका,” सलमा म्हणाली, “तुम्ही दर वेळी सांगता.”